पाच वॅटचा सेट: टोरॉइड, बायस आणि आपल्याकडचा पावसाळा

पाच वॅटच्या रेडिओ सेटचं किट बांधून झालं की सांगली-मिरजेतल्या नवीन हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आता याचे दहा वॅट कसे करायचे?" आधी हिशेब बघू. पाचाचे दहा वॅट केले की वाढ होते ३ डेसिबलची. एस-मीटरवरचा, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरवरचा, एक पॉइंट साधारण ६ डेसिबलचा, म्हणजे समोरच्याला तुम्ही अर्धा पॉइंट जास्त ऐकू येणार. पाचाचे थेट शंभर केले तरी १३ डेसिबल, दोन पॉइंटांच्या किंचित वर. त्यासाठी फायनल ट्रान्झिस्टर (शेवटी पॉवर देणारा), हीटसिंक, फिल्टरचे कपॅसिटर, बॅटरी सगळं बदलावं लागतं. घरातल्या एका एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरमुळे येणारी खरखर मात्र याहून जास्त पॉइंट खात असते आणि ती बंद करायला पैसे लागत नाहीत. म्हणून किटमध्ये फेरफार करायचे तर क्रम असा धरा: आधी फिल्टर, मग बायस (फायनल किंचित चालू ठेवणारं व्होल्टेज), मग रिसीव्हर, मग पुरवठा. वॅट सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांना त्यांची गरज पडत नाही.

खालचं सगळं ४० मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या एकाच बँडच्या किटबद्दल आहे. आपल्याकडे हा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे आणि सांगली-साताऱ्याहून पुणे, मुंबई, बेळगाव, हैदराबाद हे दिवसा याच बँडवर मिळतं. किट निवडताना मी बिटएक्स घराण्याचं नाव आधी घेईन. हैदराबादच्या अशर फरहान यांनी, म्हणजे व्हीयू२ईएसई (ही त्यांची कॉलसाइन, रेडिओवरची ओळख) यांनी, २००३ मध्ये बिटएक्स२० चं डिझाइन खुलं केलं ते आपल्या बाजारात मिळणारे साधे भाग डोळ्यांसमोर ठेवून. पुढे बिटएक्स४० आणि मायक्रोबिटएक्स आले. यातले अँप्लिफायर दोन्ही दिशांना चालतात, तेच रिसीव्हला आणि तेच ट्रान्समिटला. त्यामुळे रिसीव्हर नीट ऐकू आला की अर्धा ट्रान्समीटर तपासून झालेला असतो. शिकण्यासाठी याहून सोयीची रचना मला माहीत नाही. फक्त मोर्सच करायचं असेल तर क्यूआरपी लॅब्सचं क्यूसीएक्स उत्तम, पण त्यातला चार वाइंडिंगचा टोरॉइड (रिंगच्या गाभ्यावरची कॉइल) नवख्याला जड जातो. पिक्सी हे सगळ्यात स्वस्त; हात बसवायला घ्या, त्यावर रोज संपर्काच्या अपेक्षा ठेवू नका.

परवान्याबद्दल एकच सांगायचं आहे. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस परवाने देणाऱ्या) विंगची परीक्षा देऊन कॉलसाइन मिळेपर्यंत सेट डमी लोडवरच (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) चालवायचा, अँटेना जोडून पीटीटी (ट्रान्समिटचं बटण) दाबायचा नाही. बांधणी आणि मोजणी डमी लोडवर पूर्ण होते, त्यामुळे अर्ज आणि परीक्षा होईतो काम अडत नाही.

पिशवी फोडल्यावर

सोल्डरिंग गन गरम करण्याआधी भाग लावून घ्या. इथे तीन चुका वारंवार होतात.

पहिली कपॅसिटरच्या आकड्यांची. २७० पिकोफॅरॅडच्या कपॅसिटरवर २७१ छापलेलं असतं. २७० छापलेला कपॅसिटर बहुधा २७ पिकोफॅरॅडचा निघतो, कारण शेवटचा आकडा शून्यांची संख्या सांगतो. ६८१ म्हणजे ६८०. फिल्टरमध्ये २७१ च्या जागी २७० बसला तर पॉवर निम्म्याने पडते आणि माणूस फायनल ट्रान्झिस्टर बदलत बसतो. फिल्टरमधले कपॅसिटर एनपीओ म्हणजेच सीओजी प्रकारचेच हवेत. साधे तपकिरी डिस्क कपॅसिटर गरम झाले की त्यांची किंमत सरकते.

दुसरी ट्रान्झिस्टरच्या पायांची. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर, म्हणजे नेमके उलटे. किटमधला ३९०४ हरवला आणि गणपती पेठेतल्या किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या दुकानातून ५४७ आणला तर काम तेच करतो, पण तो फिरवून बसवावा लागतो. बोर्डवरच्या छापील अर्धगोलावर विश्वास ठेवलात तर ती स्टेज मुकी राहते.

तिसरी टोरॉइडच्या गाभ्याची, आणि ती सगळ्यात महागात पडते. टी३७-६ पिवळा असतो, टी३७-२ तांबडा. एफटी३७-४३ हा राखाडी-काळा फेराइट आकाराने अगदी तेवढाच. पण पिवळ्या गाभ्यावर वेढ्यांच्या वर्गामागे ३ नॅनोहेन्री मिळतात आणि फेराइटवर साडेतीनशेच्या आसपास. शंभर पटींचा फरक. अदलाबदल झाली की आउटपुट शून्य. आणखी एक सापळा भंगारातला: संगणकाच्या जुन्या एसएमपीएसमधून काढलेली पिवळी रिंग, जिची एक बाजू पांढरी असते. ती २६ नंबरची लोहभुकटी. पुरवठ्याचा गोंगाट गाळायला ती चांगली, ७ मेगाहर्ट्झला मात्र ती सगळी पॉवर उष्णतेत घालवते. रंग पिवळा आहे एवढ्यावर जाऊ नका.

बोर्डला पहिल्यांदा १२ व्होल्ट देताना मोटरसायकलचा १२ व्होल्ट ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब सिरीजमध्ये टाका. टीव्ही मेकॅनिक २३० व्होल्टला सिरीज लॅम्प लावतो तीच युक्ती. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बोर्ड वाचतो. रिसीव्हवर सेट १०० ते १५० मिलिअँपिअर घेतो, तेवढ्याला बल्ब जेमतेम लालसर होतो. मग टप्प्याटप्प्याने पुढे: आधी ७८०५ या रेग्युलेटरच्या आउटपुटला ५ व्होल्ट, मग एलएम३८६ या ऑडिओ आयसीच्या ५ नंबरच्या पायाला पुरवठ्याच्या निम्मे म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास, मग ३ नंबरच्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावल्यावर स्पीकरमध्ये हम. हे तिन्ही मिळाल्याशिवाय पुढची स्टेज बसवू नका. सगळं एकदम बसवून मग दोष शोधायला गेलं की चार चुका एकमेकींना झाकतात.

टोरॉइड

ज्या एका कामावर सगळा सेट उभा आहे ते हे, त्यामुळे इथे घाई नको.

एका आयआरएफ५१० या मॉसफेट ट्रान्झिस्टरच्या फायनलमधून ७ मेगाहर्ट्झसोबत १४ आणि २१ मेगाहर्ट्झचे हार्मोनिकही (मूळ वारंवारतेच्या पटी) जोरात बाहेर पडतात. सिंगल-एंडेड, म्हणजे एकाच ट्रान्झिस्टरच्या, रचनेत दुसरा हार्मोनिक आपोआप दबत नाही, तो लो-पास (वरच्या वारंवारता थोपवणाऱ्या) फिल्टरनेच अडवावा लागतो. स्वस्त किटमध्ये एका कॉइलचा नाहीतर दोन कॉइलचा फिल्टर असतो. तो काढून सात घटकांचा बसवणं हा मी सुचवेन तो पहिला फेरफार. ४० मीटरसाठीच्या प्रचलित किमती अशा: दोन टोकांना २७० पिकोफॅरॅड, आतल्या दोन जोडांना ६८० पिकोफॅरॅड, पहिली आणि तिसरी कॉइल १.३८ मायक्रोहेन्री, मधली १.७ मायक्रोहेन्री. टी३७-६ वर याचे वेढे होतात २१, २४, २१. पडताळा सोपा आहे: २१ चा वर्ग ४४१, गुणिले ३, म्हणजे १३२३ नॅनोहेन्री, २४ चा वर्ग ५७६, गुणिले ३, म्हणजे १७२८.

तार आपल्या भागात शोधावी लागत नाही. ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यात शेतीपंपाच्या मोटरी जळतच असतात, त्यामुळे सांगली, मिरज, तासगाव, कराड कुठेही मोटर रिवाइंडिंगचं दुकान सापडतं. २८ गेजची वाइंडिंग वायर मागा, ०.३७६ मिलिमीटर जाडीची. शंभर ग्रॅमचं रीळ वर्षभर पुरतं. २६ गेजही चालते, पण टी३७ चं भोक फक्त ५.२ मिलिमीटरचं, त्यात २४ वेढे दाटीवाटीने बसतात. २१ वेढ्यांसाठी ३५ सेंटिमीटर आणि २४ साठी ४० सेंटिमीटर तार कापा.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. किटसोबत येणाऱ्या तारेचं इनॅमल गनच्या उष्णतेने वितळतं. मोटरच्या तारेचं इनॅमल उच्च तापमानाला टिकण्यासाठीच बनवलेलं असतं, ते गन कितीही वेळ धरली तरी जात नाही. ब्लेडने किंवा बारीक पॉलिश पेपरने चारही बाजूंनी खरवडा, तांबं गुलाबीसर चमकेपर्यंत. मग टोकाला शिसं चढवा, बोर्डात घाला, आणि मल्टिमीटरचा बझर पॅड ते पॅड लावून बघा, तारेला लावून नाही. शिसं तारेभोवती गोल बसलेलं दिसतं, चकाकतं, आणि आत इनॅमल तसंच असतं. किट "बांधलं पण चालत नाही" म्हणतात त्यातली मोठी संख्या या एका जोडाची असते.

वेढा मोजताना तार गाभ्याच्या भोकातून किती वेळा गेली ते मोजायचं. नुसती आरपार गेली तरी तो एक वेढा. बाहेरून मोजलं की एकाची चूक होते, आणि २१ ऐवजी २० झाले तर इंडक्टन्स नऊ टक्क्यांनी उतरतो. तार प्रत्येक वेढ्याला गाभ्याला चिकटून ओढा, पण गाभ्याच्या कडेवर इनॅमल सोलू देऊ नका. गुंडाळून झाल्यावर वेढे गाभ्याच्या पाऊण घेराहून थोडे जास्त पसरवा आणि दोन टोकांमध्ये मोकळी फट ठेवा.

मग जुळवणी. वेढे जवळ सरकवले की इंडक्टन्स वाढतो, पसरवले की कमी होतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीवरून कानस एक हात फिरवतो, तार छेडून ऐकतो आणि मग पुन्हा एक हात फिरवतो. टोरॉइडचं काम तसंच करावं लागतं. प्लास्टिकच्या चिमट्याने दोन वेढे हलवा, मोजा, पुन्हा दोन हलवा. नॅनोव्हीएनए (फिल्टरचा आलेख दाखवणारं छोटं उपकरण) असेल तर फिल्टर सुटा लावून बघा: ७.१ मेगाहर्ट्झला नुकसान अर्ध्या डेसिबलच्या आत आणि १४.२ ला किमान ३५ डेसिबलची घट मिळाली पाहिजे. नॅनोव्हीएनए नसेल तर डमी लोडवर पॉवर मोजत जुळवा, पण ७.०, ७.१ आणि ७.२ तिन्ही ठिकाणी मोजा. एका टोकाला पॉवर ढळत असेल तर मधली कॉइल आधी तपासा. जुळल्यावर वेढ्यांवर नेलपॉलिशचा एक हात द्या आणि वाळल्यावर पुन्हा एकदा मोजा.

डमी लोड घरी होतो. १ किलोओहमचे १ वॅटचे वीस मेटल फिल्म रेझिस्टर समांतर, म्हणजे ५० ओहम आणि २० वॅट. वायरवाउंड घेऊ नका, ती स्वतःच कॉइल असते. लोडवर एक १एन४१४८ डायोड आणि १० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर लावला की साध्या मल्टिमीटरवर पीक व्होल्टेज दिसतं. त्यात डायोडचा ०.६ मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा. मीटरवर २१.८ व्होल्ट दिसले तर पीक २२.४ आणि पॉवर ५ वॅट. हा डायोड दहा वॅटपर्यंतच वापरा, त्यापुढे त्याची उलट व्होल्टेज सोसण्याची मर्यादा येते.

फायनल आणि बायस

आयआरएफ५१० हा मुळात स्विचिंगसाठीचा मॉसफेट. रेडिओसाठी तो चालतो कारण त्याची गेटची (नियंत्रणाच्या पायाची) कपॅसिटन्स कमी आहे, १८० पिकोफॅरॅडच्या आसपास. दुकानात "५१० नाही, हा घ्या, याहून दणकट आहे" म्हणत आयआरएफ५४० किंवा झेड४४ देतात. हे दणकट आहेत यात शंका नाही, पण त्यांच्या गेटची कपॅसिटन्स दीड हजाराच्या घरात जाते. किटचा ड्रायव्हर ७ मेगाहर्ट्झला तेवढं गेट हलवू शकत नाही, म्हणून पाच वॅटचा सेट अर्ध्या वॅटवर येतो. ५१० नसेल तर मिळेपर्यंत थांबा.

त्याचा धातूचा पत्रा ड्रेनला (पॉवर बाहेर देणाऱ्या पायाला) जोडलेला असतो. हीटसिंक पेटीला टेकत असेल तर अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा वॉशर आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशिंग हवीच. बसवल्यावर पत्रा आणि पेटी यांत बझर वाजता कामा नये.

बायस लावण्याची पद्धत अशी. डमी लोड जोडा, माइक काढा, बायसचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) पूर्ण शून्याकडे फिरवा. कुठलं टोक शून्य हे अंदाजाने ठरवू नका. फायनलचा पुरवठा तोडून गेटवर मीटर लावून बघा. मग फायनलच्या पुरवठ्यात अँपिअर मीटर घाला आणि पीटीटी दाबा. प्रीसेट अगदी सावकाश फिरवा. ५१० चा थ्रेशोल्ड (ज्या गेट व्होल्टेजला तो चालू होतो) नगागणिक २ ते ४ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतो, त्यामुळे बराच वेळ काही घडत नाही आणि मग चार अंशांत मीटर उसळी घेतो. १०० मिलिअँपिअरला थांबा. दोन मिनिटं पीटीटी दाबून ठेवा आणि पुन्हा बघा. मॉसफेट तापला की थ्रेशोल्ड उतरतो आणि आकडा वर चढतो. १०० चे १४० झाले असतील तर परत १०० वर आणा. चढतच राहिला तर हीटसिंक अपुरा आहे. बायसच्या साखळीत एक १एन४१४८ घालून तो हीटसिंकला चिकटवला की ताप वाढल्यावर बायस आपोआप उतरतो. हा फेरफार एका रुपयाचा आहे आणि तो प्रत्येक किटमध्ये असायला हवा होता असं माझं ठाम मत आहे.

फिरवताना आकडा ६० वरून एकदम ८०० वर गेला तर तो बायस नव्हे, फायनल स्वतःच ऑसिलेट होत आहे, म्हणजे आपोआप सिग्नल बनवत आहे. पीटीटी लगेच सोडा. कारण बहुतेक वेळा गेटची लांब तार, सोर्सचा लांब पाय, किंवा आउटपुटचा टोरॉइड ड्रायव्हरच्या शेजारी आडवा पडलेला, हेच असतं. सोर्सचा पाय शक्य तितका आखूड करा, गेटला अगदी लगत १० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये द्या, ड्रेनच्या पुरवठ्याला ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर मॉसफेटच्या मुळाशीच लावा. माइक काढलेला असताना डमी लोडच्या डायोडवर व्होल्टेज दिसत असेल तर बीएफओ, म्हणजे कॅरिअर लहर बनवणारा ऑसिलेटर, बंद करून बघा. बीएफओ बंद केल्यावर ते गेलं तर कॅरिअर गळतो आहे आणि मॉड्युलेटरचा तोल लावायला हवा. तरीही राहिलं तर ऑसिलेशन.

आता वॅटचा मुद्दा. १२ व्होल्टला १२.५ ओहमच्या लोडवर हिशेबाने साडेपाच-पावणेसहा वॅट निघतात: १२ चा वर्ग १४४, भागिले २५. त्याच फायनलला २४ व्होल्ट दिले तर चौपट, २३ वॅट. हे मोहक आहे आणि चालतंही. पण २३ वॅटला ५० ओहमवर पीक ४८ व्होल्ट असतं, अँटेना बिघडली की ते दुपटीकडे जातं, आणि किटमधले फिल्टरचे कपॅसिटर अनेकदा ५० व्होल्टचेच असतात. ते फुटले की आउटपुट शॉर्ट होतं आणि पाठोपाठ मॉसफेट जातो. करायचंच असेल तर आधी १०० व्होल्टचे किंवा त्याहून वरचे एनपीओ कपॅसिटर, मग हीटसिंक, मग व्होल्टेज.

आरडी१६एचएचएफ१ हा खऱ्या अर्थाने रेडिओसाठीचा मॉसफेट, १२ व्होल्टवरच जास्त सरळ चालतो (सिग्नल कमी बिघडवतो). पण त्याचे पाय गेट, सोर्स, ड्रेन असे आहेत, ५१० चे गेट, ड्रेन, सोर्स. नुसता काढून घातला तर पुरवठा थेट जमिनीला जोडला जातो. मधला आणि गेटच्या विरुद्ध कडेचा पाय अदलाबदल करून बसवा. त्याचा पत्रा सोर्सला असल्याने वॉशर लागत नाही, हा मोठाच फायदा. बायस पुन्हा शून्यापासून लावा.

रिसीव्हर

एलएम३८६ चा हिस्स ही सगळ्यांची तक्रार. १ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरॅड असला की गेन (सिग्नलची वाढ) २०० पट असतो. त्याच्या सिरीजमध्ये १.२ किलोओहम घाला, गेन ५० होतो, हिस्स उतरतो आणि कानाला काही कमी पडत नाही. आवाज वाढवल्यावर इंजिनासारखी टकटक येत असेल तर ६ नंबरच्या पायाशीच १०० मायक्रोफॅरॅड, ५ नंबरपासून जमिनीला १० ओहम आणि ४७ नॅनोफॅरॅड सिरीजमध्ये, आणि ७ नंबरला १० मायक्रोफॅरॅड. हे चार भाग अनेक स्वस्त बोर्डांवर वाचवलेले असतात.

क्रिस्टल फिल्टर स्वतः बांधत असाल तर एकाच लॉटचे वीस क्रिस्टल घ्या आणि त्यातून चार जुळणारे निवडा. एक साधा बीसी५४७ चा ऑसिलेटर करून प्रत्येक क्रिस्टल त्यात घाला आणि काउंटरवर वारंवारता लिहून ठेवा. ५० हर्ट्झच्या आतले चार मिळाले तर छान, १०० च्या आतले चालतात. बोटांच्या उबेने आकडा सरकतो, म्हणून क्रिस्टल घातल्यावर अर्धा मिनिट थांबून वाचा. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत असेल तर फिल्टरला दोष देण्याआधी बीएफओ शंभर-शंभर हर्ट्झने सरकवून बघा. बीएफओ फिल्टरच्या उताराच्या चुकीच्या जागी असला की खर्ज तरी जातो नाहीतर वरचा आवाज तरी.

संध्याकाळी ७.२ मेगाहर्ट्झच्या वर शॉर्टवेव्ह ब्रॉडकास्टची मोठी स्टेशनं सुरू होतात आणि साध्या किटचा पुढचा फिल्टर त्यांना अडवू शकत नाही. बँडभर कुणीतरी बोलत असल्याचा भास होतो. एकेरी ट्यून सर्किटच्या जागी दुहेरी बसवणं हा खरा उपाय. तोवर अँटेनाच्या वाटेवर १ किलोओहमचं पोटेन्शिओमीटर लावून सिग्नल थोडा उतरवला तरी भुतं जातात, हवी ती स्टेशनं राहतात. पिक्सीसारख्या डायरेक्ट कन्व्हर्जन (सिग्नल थेट आवाजात बदलणाऱ्या) सेटमध्ये जवळचं मीडियम वेव्ह केंद्रही घुसतं, त्यावर अँटेनाला हाय-पास फिल्टर.

एसआय५३५१ या आयसीचा व्हीएफओ (सेटची वारंवारता ठरवणारा ऑसिलेटर) बसवल्यावर ड्रिफ्टचा, म्हणजे वारंवारता सरकण्याचा, त्रास संपतो. त्याचा २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल २० पीपीएमने (दहा लाखांत वीस) चुकीचा असला तर ७ मेगाहर्ट्झला १४० हर्ट्झची चूक येते, ती सॉफ्टवेअरमध्ये एकदाच दुरुस्त करा. शॉर्टवेव्हची स्टेशनं ५ किलोहर्ट्झच्या पटीत असतात, त्यातलं एखादं शून्य बीटवर (शीळ खाली येत थांबेल तिथे) आणून जुळवता येतं. आर्डुइनो नॅनो (व्हीएफओ चालवणारा छोटा बोर्ड) आणि डिस्प्ले मुख्य बोर्डापासून दूर, मध्ये तांब्याच्या क्लॅड बोर्डाचा पडदा उभा करून बसवा. पेटीसाठी तुपाचा पत्र्याचा रिकामा डबा उत्तम: पत्र्याला कथलाचा मुलामा असतो, त्यामुळे सोल्डरचा डाग सहज बसतो आणि पडदे आतून जोडता येतात.

पुरवठा, खरखर, पाऊस

यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी पाच वॅटच्या सेटला दिवसभर पुरते. २ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकाशीच लावा, सेटच्या मागे नव्हे. उलट जोडणीपासून वाचायला फ्यूजनंतर १एन५४०८ उलटा समांतर ठेवा; चूक झाली तर फ्यूज जातो, सेट राहतो.

खरखर कुठून येते हे शोधायला सेट बॅटरीवर ठेवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. आवाज उतरला तर दोष घरात आहे. एकेक एमसीबी चढवत जा, चोर सापडतो: एलईडी ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, वायफायचा अ‍ॅडॉप्टर, छतावरचा सोलर इन्व्हर्टर. आवाज उतरला नाही तर तो विजेच्या लाइनवरचा आहे, आणि त्यावर अँटेना घरापासून व तारांपासून लांब नेणं हाच उपाय. कोअॅक्स केबलच्या बाहेरच्या जाळीवरून घरातली खरखर अँटेनापर्यंत चढते, ती तोडायला एफटी१४०-४३ या फेराइट रिंगवर आरजी१७४ केबलचे १० ते १२ वेढे घ्या.

अँटेना म्हणजे डायपोलच, मधोमध तोडलेली दोन सारख्या बाजूंची तार. ७.१ मेगाहर्ट्झसाठी एकूण २०.१४ मीटर, पण पीव्हीसीची तार थोडी आखूड भरते. प्रत्येक बाजू १०.४ मीटर कापा आणि दोन्हीकडून सारखी छाटत या. सात-आठ मीटरच्या बांबूवर मधोमध टांगून दोन्ही बाजू उतरत्या सोडल्या की जवळची स्टेशनं चांगली मिळतात. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर किंवा मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर हेच सामान नेलं तर लाइनची खरखर मागे राहते आणि पाच वॅट किती पुरतात ते कळतं. एप्रिल-मेच्या वळवात मात्र गडगडाट ऐकू येताच कोअॅक्स काढून घराबाहेर ठेवा, पठारावर असाल तर खाली उतरा.

पावसाळ्याचं नुकसान हळू होतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सांगलीला त्यामानाने फारच कमी, पण दमट हवा दोन्हीकडे पेटीत शिरते. उघड्या कार्बन प्रीसेटचा सरकता संपर्क गंजतो, त्याचा स्पर्श सुटत-लागत राहतो आणि फायनलचा बायस हवा तसा उडतो. प्रीसेट जमिनीच्या बाजूने सुटला की गेटला पूर्ण ५ व्होल्ट मिळतात आणि मॉसफेट जळतो. म्हणून बायसला बंद पेटीचा मल्टिटर्न सर्मेट प्रीसेट बसवा आणि गेटपासून जमिनीला १० किलोओहमचा कायमचा रेझिस्टर ठेवा, म्हणजे सरकता संपर्क सुटला तरी गेट लटकत राहत नाही. बोर्डावरचं फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. राहिलेलं फ्लक्स ओल धरतं. बाहेरच्या कनेक्टरवर रबराची सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळा, त्यावर साधी काळी टेप. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या.

बांधणी झाल्यावर झाकणाच्या आतून एक कागद चिकटवा: रिसीव्हचा करंट, बायसचा करंट, ७.० / ७.१ / ७.२ ला पॉवर, आणि तारीख. दसऱ्याच्या आसपास पाऊस थांबला की झाकण उघडून हेच पाच आकडे पुन्हा घ्या. बायसचा आकडा १० मिलिअँपिअरपेक्षा जास्त सरकला असेल तर प्रीसेट फिरवून जुळवत बसू नका, तो बदला.